चुलीला लाल रंग

परवा मुलगा आणि सून मला नवापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात जेवायला घेऊन गेले. बाहेर मोठी पाटी, 'चुलीवरचं जेवण'. दारातच एक चूल मांडलेली, लाल रंगानं चकचकीत केलेली, वर पांढरी फुलं काढलेली, आणि लोक तिच्याशेजारी उकिडवे बसून फोटो काढून घेत होते. मी वाकून बोट फिरवून पाहिलं. ऑइलपेंट. आत राखेचा कणही नव्हता, स्वयंपाक मागच्या बाजूला गॅसवर चालला होता. सून म्हणाली, "आई, छान आहे ना? तुमच्या माहेरी अशीच असायची का?" मी म्हटलं, "एक दिवस होती." ती हसली. तिला वाटलं सासूबाई चेष्टा करतायत. चेष्टा कसली, त्या एका दिवसाबद्दल लिहावं असं कितीतरी वर्षं मनात आहे, पण लिहायला बसलं की अजून पोटात दुखतं. वय झालं की माणसाचा मत्सर निवतो असं लोक म्हणतात. माझा माझ्याबरोबर म्हातारा झाला हे खरं, पण त्याचे दात अजून शाबूत आहेत.

तापीकाठच्या आमच्या घरात चूल माझी होती. स्वयंपाक मायचा, पण चूल माझी. मी फ्रॉकात होते तेव्हापासून मायनं ते काम माझ्याकडे दिलं होतं आणि ते सोपं नव्हतं. आजकालच्या मुलींना वाटतं चूल म्हणजे मातीचा खड्डा, लाकूड घातलं की झालं. अगं, चूल रोज मागते. रात्रीची राख सकाळी ओढून काढायची. मोठ्या चुलीतून बाजूच्या वैलाकडे आच जायला जी वाट असते, तिच्यात राख साचली की वैलावरची डाळ दुपारपर्यंत शिजत नाही, म्हणून तिथं हात घालून कोपरापर्यंत काळं व्हायचं. भांडं ज्यांच्यावर टेकतं ते तीन टेकू रोज थोडे थोडे झिजतात, आणि एक जरी खाली गेला तरी पालथं घातलेलं मातीचं खापर डुलतं आणि खापरावरची पुरणपोळी एका बाजूनं करपते. मग काळी माती, तूस आणि घोड्याची लीद एकत्र तुडवून, मुरवून, त्याचा गोळा लावून टेकू वर आणायचा. भेगा बुजवायच्या. चूल गार झाली की शेणमातीचं पोतेरं फिरवायचं, तेही एका दिशेनं, मध्ये हात न उचलता, नाहीतर पट्टे दिसतात. सणावाराला नदीच्या दरडीतून आणलेली पांढरी माती भिजवून तिचा हात द्यायचा, आणि शेवटी गेरूची किनार. माय माझ्या मागे उभी राहून बघायची. पट्टा दिसला की काही बोलायची नाही, ओल्या हातानं सगळं पुसून टाकायची आणि म्हणायची, "परत." मी रडत रडत परत करायची. असं करत करत माझा हात असा बसला की शेजारच्या बायका कामाला बोलवायला येऊ लागल्या. माय म्हणायची, "मन्ही शकूना हात लागना का चुल्हा हासस." म्हणजे माझ्या शकूचा हात लागला की चूल हसते. ती फार कौतुक करणारी बाई नव्हती. हे एक वाक्य ती बाहेरच्यांपुढं म्हणायची, आणि मी आत लुगड्यांच्या घड्या घालता घालता ऐकायची.

मग भावाचं लग्न झालं आणि वहिनी आली. निर्मला तिचं नाव, नवापूरची. गोरी, हातांची बोटं लांब, आणि बोलण्यात गुजराती अशी मिसळलेली की मला ती पहिल्या दिवसापासून 'शकूबेन' म्हणायला लागली. घरातल्या सगळ्यांना ते 'बेन' फार गोड वाटायचं. मला नाही वाटायचं. तिच्या माहेरी गॅस आला होता. चूल होती ती मागच्या अंगणात, आंघोळीचं पाणी तापवायला. ही पहिल्यांदा चुलीपुढं बसली तेव्हा फुंकणी उलटी धरून फुंकत होती. मी दाराआड उभी राहून मनसोक्त हसले. मायनं मात्र तिच्याशेजारी बसून, स्वतःच्या हातात धरून तिला फुंकणी दाखवली. डोळ्यांत धूर जाऊन तिच्या डोळ्यांना पाणी आलं तर मायनं पदरानं पुसलं. माझ्या डोळ्यांत इतकी वर्षं काय गुलाबपाणी जात होतं की काय. पण माझे डोळे मायनं पुसल्याचं मला आठवत नाही, आणि आठवायचा मी खूप प्रयत्न केला आहे.

त्या दिवसापासून मी मोजायला लागले. आकडे नाही, गोष्टी. वहिनीच्या ताटात तुपाची धार कितपत लांब पडते. माय हाक मारते तेव्हा आधी कुणाचं नाव निघतं. बाजारातून बांगड्या आणल्या तर आधी कुणाच्या हाताला लावून बघतात. वहिनीनं चुलीवर पोतेरं फिरवलं की ते नांगरलेल्या वावरासारखं दिसायचं, शेणाचे गोळे तसेच राहायचे. तिथं माय 'परत' म्हणायची नाही. म्हणायची, "व्हई, हयूहयू शिकी जाई." हळूहळू शिकेल. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी रात्री तिनं केलेलं सगळं पुसून पुन्हा माझ्या हातानं करायची, आणि सकाळी सगळ्यांच्या देखत म्हणायची, "वहिनी, आज तर तुमचा हात एकदम सुधरला." ती लाल व्हायची. भाऊ माझ्याकडे रागानं बघायचा. बाप पेपरातून डोकं वर काढायचा नाही. घरात मला एक नवं नाव पडलं होतं, जळकी. भावानं पाडलं, आणि आमच्या बोलीत ते आणखी चांगलं बसतं, 'जयकी'. जळायचं लाकूड आणि जळणारी पोर, दोन्ही एकाच शब्दात आलं.

श्रावण लागला. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, ही आम्हा खानदेशातल्या लोकांची घरची देवी, चौरंगावर केळीच्या खांबांत बसते, नारळाला नथ घालून, दागिने घालून. तिच्यासाठी भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचा, त्याच्या पिठाचे रोट करायचे. हे रोट कुळातल्यांनीच खायचे, बाहेरच्यांना द्यायचे नाहीत. सून कुळात आली, तिला चालतात. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेली की तिला चालत नाहीत, मग ती त्या घरात जन्मलेली का असेना. लहानपणी ही रीत मी भातावरच्या वरणासारखी गिळून टाकली होती. त्या वर्षी माझ्यासाठी नंदुरबारहून एक स्थळ येऊन गेलं होतं, पानसुपारी झाली होती, आणि ती रीत पहिल्यांदा घशात अडकली. पुढच्या श्रावणात वहिनी रोट खाणार आणि मी नाही.

रोटांची चूल आदल्या दिवशी नवी करायची. म्हणजे सगळी खरवडून, भरून, लिपून, रंग-किनार करून ठेवायची आणि दुसऱ्या सकाळी देवीचं काम सुरू होईपर्यंत तिच्यात जाळ घालायचा नाही. त्या दिवशीचा स्वयंपाक मागल्या दारी तीन दगडांवर. घरातलं बाकी काम कुणाचंही असो, ही चूल गेली कितीतरी वर्षं मी करत होते. मी आठवडाभर आधीच नदीवरून पांढरी माती आणून ठेवली होती, चाळून, भिजवून. शनिवारी सकाळी मी पदर खोचला आणि माय म्हणाली, "ऱ्हाऊ दे. नवी वहूनं पहिलं वरीस शे. औंदा तीच करी." नव्या सुनेचं पहिलं वर्ष, यंदा तीच करेल. अशी रीत आहे म्हणे. मी विचारलं, ही रीत कधीपासून? माय म्हणाली, कायमची आहे, आतापर्यंत घरात सून नव्हती म्हणून तू करत होतीस. म्हणजे मी आजवर बदली कामगार होते. मी मातीचं घमेलं तिथंच ठेवलं आणि जाता जाता वहिनीला म्हणाले, "करा. उद्या सगळी भाऊबंदकी बघायला येणार आहे, तुमचं नांगरलेलं वावर." हे मी म्हणाले आणि मला त्याचं अजूनही काही वाटत नाही.

वहिनीला ते लागलं असणार. तिनं टेकू बरे केले, भेगा भरल्या, पोतेरंही फिरवलं, पण चूल काही हसेना. दुपारी तिचा भाऊ कानबाईचं वाण घेऊन आला. त्याचा धंदा ट्रकवर रंगकाम करायचा, मागे मोर आणि बाजूला कमळं काढायचा. बहिणीचं तोंड बघून त्यानं काय झालं विचारलं असेल. मी माळ्यावरून भांडी उतरवत होते, खाली येऊन बघते तर हा बाबा गाडीतून लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला होता. वहिनी ब्रश धरून बसली होती, चुलीवर बाहेरून, कडेनं, वरच्या पाटावर, वैलाच्या भोवती, सगळीकडे लाल. अगदी भांगातल्या कुंकवासारखी लाल चूल. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होती. माझ्या पांढऱ्या मातीला आणि गेरूच्या किनारीला आयुष्यात असा चकाकता रंग आला नसता. हेच जास्त लागलं.

गल्लीतल्या बायका एकेक करून यायला लागल्या. कुणी बोट लावून बघतंय, कुणी "काय व निर्मला, आम्हाले बी दे थोडा" म्हणतंय. वहिनी मला म्हणाली, आणि गंमत म्हणजे प्रेमानं म्हणाली, "शकूबेन, देखा, पानी टाका तरी जास नही." माय चुलीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "आतमा नही ना लावा व?" आत नाही ना लावला? वहिनी म्हणाली, नाही, फक्त बाहेरून. मी पुढं झाले. मी म्हटलं, माय, हा तेलाचा रंग आहे, उद्या जाळ लागला की वरचा पाट तापेल, फोड येतील, वास सुटेल, देवीचा स्वयंपाक आहे, अजून ओला आहे तोवर काढून टाका. मला हे कसं ठाऊक? बापानं एकदा बैलांच्या शिंगांचा उरलेला रंग आंघोळीच्या बंबाला लावला होता आणि दोन पावसाळे त्या पाण्याला वास यायचा. माय विसरली होती, मी विसरले नव्हते, कारण त्याच पाण्यानं मी न्हात होते. वहिनीचा भाऊ हसला. म्हणाला, "ट्रकनं इंजिन कितलं तापस, त्यानावरना रंग कोठे जास?" झालं. इंजिनाचं नाव निघालं म्हटल्यावर बाप सुद्धा मान हलवायला लागला. मी मायचा हात धरला. म्हटलं, माय, खरंच सांगते, तो रंग जळेल. मायनं हात सोडवून घेतला आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "रंग काय जयत नही. तूच जयी ऱ्हायनी." रंग काही जळत नाही, तूच जळतेयस.

सगळ्या हसल्या. वाईट हेतूनं नाही, सणाच्या घरातलं हसू होतं ते. पण मी मागल्या दारी जाऊन त्या तीन दगडांपुढं बसले आणि कपाशीच्या पऱ्हाट्या मोडत राहिले, एकेक काडी, बोटभर लांबीची. मला त्या दिवशी कळलं की एकदा तुमच्या नावावर जळकीचा शिक्का बसला की तुम्ही खरं बोललात तरी ते जळण्यातच जमा होतं. मी म्हटलं असतं नदीला पूर आलाय, तरी माय म्हणाली असती, वहिनी धुणं धुवायला गेली म्हणून हिला असं वाटतं.

रविवारी सकाळी आंघोळी करून, ओल्या केसांनी, सोवळ्यानं घरातल्या बायका स्वयंपाकाला लागल्या. मोठ्या चुलीवर खापर, वैलावर पुरणाची डाळ. वहिनी रोटांचं पीठ मळायला बसली. मायनं हात जोडले आणि जाळ घातला. थोडा वेळ काही झालं नाही. मी दारात उभी होते, आणि सांगते ना, माझा जीव असा वर-खाली होत होता की मला स्वतःलाच कळेना मी काय मागतेय, जळू दे म्हणतेय की नको जळू म्हणतेय. मग वैलाच्या कडेला एक फोड आला. मग चुलीच्या तोंडाशी दुसरा. मग वरच्या पाटावर कातडी भाजल्यासारखे फोडच फोड, त्यांतून काळा धूर, आणि वास असा की घशात चरचर व्हायला लागलं. मायनं घाईघाईनं खापर उतरवलं. डाळीचं झाकण काढून चाखलं आणि थुंकली. गॅरेजातलं पाणी प्यायल्यासारखी तिची चर्या झाली. वहिनी पिठानं भरलेले हात तसेच वर धरून बसून राहिली. तिचा भाऊ आदल्या संध्याकाळीच परत गेला होता, इंजिनासकट.

आणि तेवढ्यात मोठी माय आली. मोठी माय म्हणजे माझ्या बापाच्या थोरल्या भावाची बायको, सगळ्या भाऊबंदकीत तिचा शब्द चालायचा. एकदा तिनं कुणाला नाव ठेवलं की ते नाव त्या बाईच्या तिरडीपर्यंत जायचं. आमच्याच गल्लीत एक म्हातारी होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी तिच्या हातून देवीची खीर उतू गेली होती, तिला पणतवंडं झाली तरी सगळं गाव 'उतू' म्हणायचं. मोठी माय मागं चार बायका घेऊन आत आली, पदर नाकाला लावला, चूल बघितली. ती म्हणाली, "देवीनी चुल्हाले कोनी लावा हाऊ रंग?"

मी मायकडे बघितलं. अहो, मला खरंच वाटलं की आता माझा न्याय होणार. मला वहिनीचं वाईट व्हायला हवं होतं का? हवं होतं. आज साठीच्या पुढं आल्यावर मी काय देवपण घेऊ. मला हवं होतं की मायनं म्हणावं, निर्मलानं लावला, आणि माझी शकू सांगत होती, मी ऐकलं नाही. एवढंच. माय उठली. वहिनीच्या आणि मोठ्या मायच्या मध्ये जाऊन उभी राहिली, आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "मन्ही पोरनी लावा. हौस उनी तिले."

माझ्या पोरीनं लावला. तिला हौस आली.

मी तोंड उघडलं. शब्द बाहेर यायच्या आत मायनं कोपऱ्यातलं खुरपं उचलून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "देखी काय ऱ्हायनी? खरड." मोठी माय माझ्यावर सुटली. एवढी घोडी झाली, उद्या सासरी जाईल, तिथंही असेच चाळे करेल, नंदुरबारकरांना सांगितलं पाहिजे, चुलीला ट्रकचा रंग लावणारी मुलगी घेताय म्हणून. बायका हसल्या. कालच्याच त्या बायका, ज्यांनी काल स्वतःच्या डोळ्यांनी वहिनीला ब्रश धरलेलं बघितलं होतं. एकीनंही तोंड उघडलं नाही. मायच्या शब्दावर सगळ्यांनी आपापला शब्द ठेवून दिला. वहिनीनं मान खाली घातली ती वर केली नाही. पीठ मळायला लागली.

मी खरडलं. निखारे बाहेर ओढून घेतले, आणि गरम चुलीवरून तो चिकट लाल लगदा खुरप्यानं काढत गेले. बोटं भाजत होती. रडत होते तेही आठवतं, पण आवाज काढला नाही, मोठी माय बसली होती ना पुढ्यात. मायनं बिघडलेलं पुरण म्हशीला नेऊन घातलं आणि नवी डाळ टाकली. मी आठवडाभर भिजवून ठेवलेली ती पांढरी माती घेतली, तिच्यात राख जास्त घातली, कारण तापल्या चुलीवर नुसती माती तडकते, आणि पातळ पातळ हात देत गेले. वाफ उठायची, माती जागच्या जागी सुकायची. तीन हात दिले. आत गोवऱ्या जाळून वास घालवला. किनार काढली नाही. मनात होतं, पण नाही काढली. खापर चढलं तेव्हा उन्हं पार उतरली होती. रोट झाले, आरती झाली, कानबाई रात्रभर बसली आणि दुसऱ्या दिवशी बायकांच्या डोक्यावरून नदीकडे नाचत गेली. रोटाचा माझा वाटा मी घेतला आणि चावून चावून खाल्ला. माझ्या वाट्याचं ते शेवटचं वर्ष होतं, सोडणार होते का.

विसर्जनानंतर माय मागल्या दारी परात घासत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि विचारलं, "मन्हं नाव काबर लिधं?" माझं नाव का घेतलंस? मला वाटलं होतं ती म्हणेल, चुकलं. किंवा म्हणेल, घाईत तोंडातून निघालं. मी रात्रभर तिच्यासाठी वेगवेगळी कारणं तयार करून ठेवली होती, त्यातलं कुठलंही चाललं असतं. तिनं परात घासायची थांबवली नाही. म्हणाली, "तू चालनी जाशी. तिले आठेच ऱ्हानं शे." तू निघून जाशील, तिला इथंच राहायचंय. मग राखेचा हात कपाळावरून फिरवत म्हणाली, "तुन्हं नाव माले लेता येस. तिनं आजून लेता येत नही." तुझं नाव मला घेता येतं, तिचं अजून घेता येत नाही. लोक मला सांगतात की यात मायेची बाजू आहे, हक्काची बाजू आहे, आईनं स्वतःचंच माणूस पुढं केलं. मी स्वतः दोन मुलांची आई आहे, मला कळतं ते. पण त्या दिवशी मला पहिलं वाक्यच ऐकू आलं, आणि खरं सांगायचं तर आजही पहिलंच जास्त मोठ्यानं ऐकू येतं.

पुढच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी नंदुरबारला आले. सासरी स्टोव्ह होता, मग गॅस आला. वहिनीचा हात चुलीवर बसला, इतका की पुढं गल्लीतल्या पोरी तिच्याकडे शिकायला यायच्या. मायनं 'चुल्हा हासस' हे वाक्य तिच्यासाठी कधी म्हटलं की नाही ते मी कुणाला विचारलं नाही. माय शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा मी जाऊन राहिले होते. मी चमचा पुढं केला की तोंड मिटून घ्यायची आणि डोळ्यांनी दाराकडे बघायची. निर्मला आली की पाणी प्यायची. वहिनीनं तिचं सगळं केलं, नाव ठेवायला जागा नाही. नाव ठेवायला जागा असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

त्या घरात आता चूल नाही. भावानं काळ्या दगडाचा ओटा केला, भिंतीला टाइल्स लावल्या. कानबाईपुरती मागल्या अंगणात लोखंडी शेगडी ठेवतात. मी दरवर्षी जाते. देवीच्या पाया पडते, गाणी म्हणते, रोटाच्या पंगतीला उठून ओसरीवर येते. आणि दरवर्षी कोणीतरी ती गोष्ट काढतंच. मोठी माय जाऊन किती वर्षं झाली, पण तिनं मारलेला शिक्का गेला नाही. शेगडी पेटवताना एखादी म्हणतेच, "शकूआत्याले दूर बसाडा, रंग लाई देई." शकूआत्याला लांब बसवा, रंग लावून टाकेल. पोरंबाळं हसतात. ज्यांनी मला कधी त्या घरात राहिलेलं बघितलं नाही, त्यांनाही ही गोष्ट पाठ आहे.

गेल्या श्रावणात वहिनीच्या घरात नवी सून आली होती. चुणचुणीत पोर, शिकलेली. मी ओसरीवर बसले होते, शेजारी खुर्चीवर वहिनी. तिचे गुडघे गेलेत, खाली बसता येत नाही. ती पोर हात पुसत बाहेर आली आणि मला म्हणाली, "आत्या, सगळ्या सांगताहेत, खरंच तुम्ही देवीच्या चुलीला ऑइलपेंट लावला होता?" मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाली, "नही व बेटा." ती खुर्चीत पुढं सरकली. "आत्यानी नही लावा. तो त…"

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा बोलत होती. माय असेपर्यंत मायच्या शब्दाखाली दडून राहिली, मायनंतर सवयीनं. आता म्हातारपणी तिला ते ओझं उतरवायचं असेल. तिचे डोळे भरले होते आणि माझ्याकडे बघत ती शब्द शोधत होती. तरणी असताना या वाक्यासाठी मी काय दिलं नसतं. पण त्या क्षणी माझ्या मनात दुसरंच आलं. तिला माझी चूल मिळाली. रोट मिळाले. माय मिळाली, आणि जाताना माय तिचीच होऊन गेली. त्या घरात माझ्या नावाचं काय आहे? भिंती नव्या, दारं नवी, माझ्या हातची माती फोडून टाकली. दरवर्षी शेगडी पेटली की त्या घरात माझं नाव निघतं ते फक्त त्या रंगापायी. तेवढं एक माझं उरलंय. आता तेही हिला देऊ?

"मीच लायेल व्हता," मी तिचं वाक्य मध्येच तोडलं. त्या पोरीला जवळ ओढून बसवलं.

"लाल," मी म्हटलं. "ट्रकचा. तुझ्या सासूनं तर हातसुद्धा लावला नाही."